इंग्रजीतलं अ, ॲन, द: नियम पाठ आहेत, पण ठरवायचं कसं?

पानोपानी (धागाकर्ता)
माझ्याकडे सहकाऱ्यांचे इंग्रजी अहवाल शेवटचा हात फिरवायला येतात. स्पेलिंग संगणक बघतो, काळ-वचन बहुतेकांना जमतं, पण आर्टिकलं जिथे नकोत तिथे असतात आणि हवीत तिथे नसतात. मी दुरुस्त करतो. मग लिहिणारा येऊन विचारतो, "इथे द का?" यावर 'असंच असतं' हे काही उत्तर नाही.

शाळेतले नियम त्यांनाही पाठ आहेत. पहिल्यांदा उल्लेख आला की अ, दुसऱ्यांदा द. सूर्य-चंद्राला द. बेस्ट, टॉलेस्टला द. पण अहवालात सूर्य-चंद्र क्वचितच उगवतात. खालचं वाक्य बघा, परवाच्याच कामातलं आहे:

"द कमिटी रिकमेंडेड दॅट ___ स्टडी बी डन ऑन ___ वॉटर क्वालिटी इन ___ लेक्स ऑफ ___ रीजन."

चार गाळलेल्या जागा. काय भरायचं ते मला कळतं, पण का भरायचं ते एका दमात कसं सांगाल? नियमांची यादी नको, ती पुस्तकात आहेच. तुम्ही स्वतः लिहिताना डोक्यात काय चालतं ते सांगा.

तिरका_बाण
सोपं आहे. आधी सगळीकडे द घालायचा. मग डोळे मिटून त्यातले निम्मे खोडायचे. साहेबांच्या सहीपर्यंत कोणी बघत नाही.

खडूफळा
धागाकर्ते, घोळ 'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' या नियमातच आहे. तो खोटा नाही, पण कारणाऐवजी लक्षण शिकवतो. "आय बॉट अ बाइक, बट द ब्रेक्स वेअर बॅड." ब्रेकचा उल्लेख इथे पहिल्यांदाच आलाय, तरी द. का? बाइक म्हटली की ब्रेक आलेच, आणि कोणते ब्रेक हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. "क्लोज द डोअर" म्हणण्याआधी कोणी दाराची ओळख करून देत नाही.

म्हणून मी वर्गात दोनच प्रश्न विचारायला सांगते. ऐकणाऱ्याला 'कोणतं?' हे कळलंय का? कळलं असेल तर द, मग एकवचन असो की अनेकवचन, मोजता येवो न येवो. कळलं नसेल तर दुसरा प्रश्न: ही वस्तू मोजता येते का, आणि एकच आहे का? दोन्हीला हो असेल तर अ किंवा ॲन, नाहीतर काहीच नाही. विशेषनामं आणि ठरावीक वाक्प्रचार सोडले तर बहुतेक काम यात भागतं.

आणि हा 'ऐकणारा' शब्द महत्त्वाचा. आपल्याला माहीत असून चालत नाही. "आय मेट अ मॅन यस्टरडे" म्हणताना कोण भेटला ते मला पक्कं ठाऊक असतं. तुम्हाला नसतं, म्हणून अ.

गोगलगाय
सगळं मान्य, पण मुळात ही भानगड हवीच कशाला? संस्कृतात नाही, लॅटिनमध्ये नाही, रशियन-जपानीत नाही. त्या भाषांत व्याकरणं लिहिली गेली, कायदे झाले, विज्ञान झालं. ग्रीकांनी आणि अरबांनी निदान निम्माच पसारा ठेवला: अरबीत 'अल' आहे, अ-ॲनसारखं वेगळं काही नाही. इंग्रजीने दोन्ही ठेवले आणि वर आपल्याला गुण कापतात.

माझं मत: आर्टिकल चुकलं तरी अर्थ कळतो. उगाच बाऊ.

रानवाट
@गोगलगाय, मराठीत आर्टिकल नाही हे खरं. पण आर्टिकल जे काम करतं ते काम मराठीत होतं, आणि आपण ते दिवसभर बिनचूक करतो. हे बघा:

टेबलावर पुस्तक आहे.
पुस्तक टेबलावर आहे.

शब्द तेच. पण पहिलं वाक्य 'टेबलावर काय आहे?' याचं उत्तर आहे, म्हणजे देअर इज अ बुक ऑन द टेबल. दुसरं 'पुस्तक कुठाय?' याचं, म्हणजे द बुक इज ऑन द टेबल. विचारणाऱ्याला कोणतं पुस्तक ते माहीत आहे. नुसता शब्दक्रम बदलून आपण अ चा द केला.

आणखी एक. 'मी डॉक्टर शोधतोय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतोय'. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीक. किंवा 'ती नवरा शोधतेय' आणि 'ती नवऱ्याला शोधतेय'. एका ला ने केवढा फरक पडला! हा फरक ज्याला कळतो त्याला अ आणि द मधला फरक कळत नाही असं होऊच शकत नाही. फक्त तो इंग्रजीत कुठे दाखवायचा हे कोणी शिकवलेलं नसतं.

माझी पद्धत म्हणून हीच: अडलं की वाक्य मराठीत म्हणून बघायचं, पण घाईघाईत भाषांतर करून नव्हे, आपण खरंच कसं बोललो असतो तसं.

तिरका_बाण
पहिलीला शुभेच्छा. दुसरीने पोलिसांत कळवावं.

सावली
हाहाहा. रानवाट, नवऱ्याचं उदाहरण जन्मभर विसरणार नाही. वाचनखूण साठवली.

अर्धविराम
रानवाट यांचं निरीक्षण छान आहे, पण त्यावर भार टाकाल तर पडाल. ला ची युक्ती मुख्यतः सजीवांपुरती. 'मी पुस्तक वाचलं' यात अ बुक की द बुक हे मराठी सांगत नाही, संदर्भच सांगतो. आणि मराठी वाक्यावरून इंग्रजी ठरवायचं म्हटलं तर 'तो डॉक्टर आहे' याचं 'ही इज डॉक्टर' होणार, जे अहवालांत हमखास दिसतं. मराठीत धंदा सांगताना काही लागत नाही, इंग्रजीत अ लागतोच. त्यातही पद एकमेव असेल तर तो गळू शकतो: शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट. आता हे कोणत्या मराठीवरून कळणार?

अवांतर: उलटी लागणही झालीय. भाषांतरित मजकुरात 'तो एक चांगला माणूस आहे', 'ती एक शिक्षिका आहे' असे एक-एक पेरलेले दिसतात. हा इंग्रजीतला अ आहे, मराठी वेष घातलेला. 'ती शिक्षिका आहे' म्हटल्याने ती दोन होत नाही.

रानवाट
@अर्धविराम, धंद्याबद्दल मान्य. पण मी चावी म्हणालो, किल्ल्यांचा जुडगा नाही म्हणालो. हे घ्या अजून एक. फ्यू आणि अ फ्यू मध्ये लोक नेहमी अडकतात. "आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर" म्हणजे इथे थोडे मित्र आहेत, बरं चाललंय. "आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर" म्हणजे थोडेच आहेत, कठीण आहे. लिटल आणि अ लिटलचंही तेच: थोडंच पाणी आहे, थोडं पाणी आहे. जिथे मराठीत च येतो तिथे अ जातो.

खडूफळा
हे उद्याच वर्गात वापरणार. परवानगी गृहीत धरलीय.

निळी_शाई
मोजण्याच्या प्रश्नाबद्दल थोडं. मला वाटतं खरी गोची तिथे आहे, कारण दोन भाषा वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आपण 'दोन सल्ले दिले' म्हणतो, इंग्रजीत ॲडव्हाइस मोजत नाहीत. आपल्याकडे 'तीन बातम्या', तिथे न्यूजला शेवटी एस असूनही ते एकवचनी आणि न मोजण्याजोगं. 'पुरावे सादर केले', पण एव्हिडन्सचं अनेकवचन रोजच्या इंग्रजीत करत नाहीत. म्हणून "ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस" आपल्या तोंडून सहज निघतं. मागे मराठी सल्ला उभा असतो.

उलट 'सामान' आपणही मोजत नाही. 'चार सामानं' कोणी म्हणत नाही, चार नग म्हणतो. म्हणून लगेजच्या बाबतीत लोक कमी चुकतात. 'माहित्या'ही आपण म्हणत नाही. तरी ॲन इन्फॉर्मेशन मात्र राजरोस चालू आहे, आणि त्याचं कारण मला सुचलेलं नाही. फर्निचर, इक्विपमेंट, रिसर्च, सॉफ्टवेअर, फीडबॅक, होमवर्क ही बाकीची टोळी. ही यादी मात्र पाठच करावी, इलाज नाही. मोजायचंच असेल तर अ पीस ऑफ ॲडव्हाइस, ॲन आयटम ऑफ न्यूज असं आधी माप लावायचं.

गोगलगाय
पुन्हा तेच विचारतो. अ च्या जागी द पडला म्हणून कोणाचं काय अडलंय? एक उदाहरण द्या.

पेटंटपुराण
देतो, माझं पोट त्यावर चालतं. पेटंटच्या दाव्यांत भाग पहिल्यांदा येताना अ लिव्हर असा येतो. पुढे प्रत्येक वेळी द लिव्हर किंवा जुन्या वळणाने सेड लिव्हर. आधी अ स्प्रिंग आलेलीच नसताना मध्येच द स्प्रिंग अवतरली, तर परीक्षक आक्षेप काढतो: ही कोणती स्प्रिंग, कुठून आली? आणि दुसऱ्यांदा चुकून पुन्हा अ स्प्रिंग लिहिलं तर वाचणारा धरून चालतो की यंत्रात दोन स्प्रिंगा आहेत. मसुदा पूर्ण झाला की मी फक्त आर्टिकलं तपासायला एक वेगळी फेरी मारतो. प्रत्येक द वर बोट ठेवायचं आणि मागे जाऊन त्याचा अ शोधायचा. सापडला नाही की घोळ.

धागाकर्ते, अहवालांनाही ही फेरी लावून बघा. द दिसला की विचारायचं, वाचणाऱ्याला हे आधी कुठे भेटलं? वर खडूफळा बाईंनी सांगितलेल्या ब्रेकसारखं आपोआप कळणारं असेल तर ठीक, नाहीतर खोडा.

दूरबीण
@गोगलगाय, याहून मोठी उदाहरणं आहेत.

१९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, कुठून? इंग्रजी मसुद्यात शब्द आहेत "फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रिसेंट कॉन्फ्लिक्ट". टेरिटरीजच्या आधी द नाही. फ्रेंच मसुद्यात मात्र 'दे तेरितुआर' आहे, आणि त्यातला 'दे' द चं काम करतो असं वाचलं जातं. मग सगळ्या भूभागातून माघार, की काही भूभागातून? एका द च्या असण्या-नसण्यावर कायदेपंडित आणि मुत्सद्दी अजून वाद घालतात.

दुसरं, १९६९ मधलं चंद्रावरचं पहिलं पाऊल. आर्मस्ट्राँगचं जे वाक्य ऐकू येतं त्यात "फॉर मॅन" आहे. आर्टिकल नसलेला मॅन म्हणजे मानवजात, आणि वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यातही मानवजातच. मग छोटं पाऊलही तिचंच आणि मोठी झेपही तिचीच? आपल्याला "फॉर अ मॅन", म्हणजे एका माणसासाठी, म्हणायचं होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. तो अ उच्चारलाच गेला नाही की ध्वनिमुद्रणात हरवला, यावर लोकांनी ध्वनिलहरी तपासून झाल्या.

गोगलगाय
ठीक. शस्त्रं खाली ठेवतो. पण ठराव लिहायची वेळ माझ्यावर येणार नाही एवढं नमूद करतो.

जुनाट
अवांतर, पण राहवत नाही. शाळेत सांगतात की अ मूळ आणि स्वरापुढे त्याचा ॲन होतो. इतिहास उलटा आहे. ॲन आधीचा, तो 'वन'चाच भाऊ, आणि व्यंजनापुढे त्याचा न झिजून अ उरला. द हा 'दॅट'च्या घराण्यातला, म्हणजे मुळात 'तो, ती, ते' असं बोट दाखवणारा.

गंमत म्हणजे या न ची मालकी कोणाची यावरून शब्दांची पळवापळवी झाली. ॲप्रन आधी नेप्रन होता. अ नेप्रन म्हणता म्हणता लोकांना ॲन एप्रन ऐकू यायला लागलं आणि न आर्टिकलला चिकटला. अंपायरचंही तेच, मूळ शब्द न ने सुरू होणारा. उलट निकनेममधला पहिला न ॲनकडून आलेला आहे, मूळ शब्द एकनेम, म्हणजे जास्तीचं नाव.

तिरका_बाण
म्हणजे अंपायरला स्वतःचाच न बाद देता आला नाही, आणि अजून लोक त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवतात.

सावली
एक शंका. 'द' म्हणायचं की 'दि'? आमच्या कार्यालयात दोन पंथ आहेत.

खडूफळा
दोन्ही. पुढे व्यंजनाचा उच्चार असेल तर द, स्वराचा असेल तर दि: द बुक, दि ॲपल. जिथे ॲन लागला असता तिथे दि, इतकं सरळ. ताणून 'दी' म्हणतात ते ठसक्यासाठी: "यू मेट दी सचिन तेंडुलकर?" म्हणजे तोच का तो! आणि याचं दुसरं टोक, "अ मिस्टर कुलकर्णी कॉल्ड", म्हणजे कोणी कुलकर्णी म्हणून होते, मी ओळखत नाही.

अ चा उच्चारही 'ए' करू नका, हलका अ करा. ए फक्त जोर द्यायला.

नकाशा
देशांच्या नावांचं कोणीच काढलं नाही. नाव अनेकवचनी असेल किंवा त्यात किंगडम, स्टेट्स, रिपब्लिक असा सामान्य शब्द असेल तर द: द नेदरलँड्स, द फिलिपीन्स, द युनायटेड किंगडम. बाकी बहुतेक देश बिनद चे. नद्या, समुद्र, वाळवंटं, पर्वतरांगांना द, पण एकेकट्या सरोवराला नाही: द नाइल, द हिमालयाज, पण लेक सुपीरियर. शिखरं बहुधा बिनद ची, पण मॅटरहॉर्नला द लागतो, तो अपवाद.

इथेही राजकारण शिरतं. युक्रेनला पूर्वी इंग्रजीत सर्रास द युक्रेन म्हणत. १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर तो द गळत गेला, कारण द मुळे तो देश वाटण्याऐवजी कुठल्यातरी मोठ्या राज्याचा प्रांत वाटतो असा आक्षेप होता. उलट बहामाज आणि गॅम्बिया यांच्या अधिकृत नावातच द आहे.

अटलांटिकपार
खडूफळा बाई, 'कोणतं ते कळलंय का' हा निकष हॉस्पिटलला लावून दाखवा. इथे अमेरिकेत "ही इज इन द हॉस्पिटल" म्हणतात. कोणतं हॉस्पिटल ते कोणालाच माहीत नसतं.

खडूफळा
तिथे निकष चालत नाही, कबूल. ब्रिटिश पद्धतीत "इन हॉस्पिटल" म्हणजे रुग्ण म्हणून दाखल, "इन द हॉस्पिटल" म्हणजे त्या इमारतीत, भेटायला गेलेलाही असू शकतो. स्कूल, प्रिझन, बेड यांचंही तसंच: कामासाठी गेलात तर द नाही. अमेरिकन लोकांनी हॉस्पिटलपुरता तो भेद सोडून दिला. "आय टुक द बस" मध्येही कोणती बस हे कोणी विचारत नाही. अशा ठिकाणी नियम शोधू नका, कान तयार करा. आणि एका अहवालात एकच पद्धत ठेवा.

विंचरणी
एवढी चर्चा कशाला? व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर आहे की.

पेटंटपुराण
ते "वी नीड डिरेक्टर" पकडेल. पण "वी नीड अ डिरेक्टर" आणि "वी नीड द डिरेक्टर" ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. एकात जागा रिकामी आहे, दुसऱ्यात साहेब कुठेतरी गायब आहेत. यातलं काय खरं ते वाक्यावरून सॉफ्टवेअरला कसं कळणार?

पानोपानी (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. माझ्या वाक्यावर तुमची हत्यारं चालवून बघितली.

स्टडी: अजून झालेला नाही, वाचणाऱ्याला माहीत नाही, मोजता येतो, एक आहे. अ स्टडी. वॉटर क्वालिटी: इथे मोजायचा प्रश्न नाही, विषय म्हणून आलंय. रिकामं. लेक्स: कोणती सरोवरं? पुढे 'ऑफ' लावून सांगितलंय, त्या भागातली सगळी. द लेक्स. रीजन: अहवाल ज्या भागाचा आहे तो. द रीजन.

लिहिणाऱ्याला आता हेच सांगणार, आणि पेटंटपुराण यांची बोट ठेवून मागे जायची फेरी सगळ्यांना सक्तीची करणार.

अर्धविराम
वॉटर क्वालिटीच्या आधी द घातला तरी चुकणार नाही. "ऑन द वॉटर क्वालिटी इन द लेक्स" म्हटलं की त्या सरोवरांतल्याच पाण्याची गुणवत्ता, विषय म्हणून नव्हे तर मोजायची ठरावीक गोष्ट म्हणून. आणि याच अभ्यासाबद्दल मागच्या बैठकीत बोलणं झालं असेल तर द स्टडीसुद्धा बरोबर. गाळलेल्या जागा भरताना हेच विसरायला होतं, संदर्भ पानाबाहेर असतो.

पानोपानी (धागाकर्ता)
मागच्या बैठकीत झालं नव्हतं. पण मुद्दा पोचला. द वॉटर क्वालिटी लिहिणाऱ्यांवर इथून पुढे लाल शाई फिरवणार नाही.

सावली
जाता जाता: अ एचआर मॅनेजर की ॲन एचआर मॅनेजर?

निळी_शाई
ॲन. अक्षर नाही, उच्चार बघायचा. एच स्वराने सुरू होतो. ॲन एमबीए, ॲन एक्स-रे, ॲन अवर. उलट अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन, कारण तिथे य ऐकू येतो. आयर्लंडमध्ये बरेच जण त्या अक्षराला 'हेच' म्हणतात, त्यांच्या कानाला अ बरोबर वाटतो.

सावली
आमच्या कार्यालयात तर सगळे 'यचार' म्हणतात. मग य ऐकू येतो म्हणून अ?

खडूफळा
बोलताना म्हणा खुशाल. लिहिताना ॲन, वाचणारा एच वाचणार आहे.

तिरका_बाण
म्हणून जाहिरातवाले हुशार. "वॉन्टेड एचआर मॅनेजर." आर्टिकलच गिळलं, भांडण मिटलं.